एकाच आकड्यांवरून व्हीडी १०, ३५, ४५ आणि ५० लिटर: बरोबर कोणता, आणि लोडिंग डोसला कोणता धरायचा?

मांजराकाठ, लातूर (प्रश्न)

बी. फार्म.च्या सहाव्या सेमिस्टरच्या सरावातलं गणित आहे, व्हीडी म्हणजे औषधाचं वितरण-आकारमान काढायचं. ६० किलोच्या माणसाला १०० मिग्रॅ औषध शिरेतून एकदम दिलं. प्लाझ्मातली पातळी मिग्रॅ प्रति लिटरमध्ये अशी:

१५ मिनिटं: ६.८०
३० मिनिटं: ४.८५
१ तास: २.८९
२ तास: १.७८
४ तास: १.३४
८ तास: ०.९०
१२ तास: ०.६०

सेमीलॉग कागदावर (पातळीचा अक्ष लॉगमध्ये) बिंदू टाकले तर सरळ रेघ येत नाही. आधी खडा उतार, मग वाक, मग सपाट. मी २ तास आणि १२ तास हे बिंदू जोडून रेघ मागे शून्यापर्यंत नेली. शून्याला २.२ आले, म्हणून १०० भागिले २.२ करून ४५ लिटर काढले. मैत्रिणीला ५० आले. उत्तरात व्हीसी (मध्य कप्प्याचा, म्हणजे रक्ताच्या बाजूचा व्हीडी) १० लिटर आणि व्हीएसएस (स्थिर अवस्थेतला व्हीडी) ३५ लिटर दिलंय.

तीन शंका आहेत. चूक नेमकी कुठं झाली? ६० किलोच्या माणसात पाणीच साधारण ३६ लिटर असतं, मग ५० लिटर कुठून आले? आणि लोडिंग डोस, म्हणजे पातळी लगेच गाठायला दिलेला पहिला डोस, काढताना यातला कोणता आकडा घ्यायचा? सूत्रं पाठ आहेत, पण मागचा अर्थ लागत नाही.

गोदातीर, नांदेड

आधी दुसरी शंका, कारण ती सुटल्याशिवाय बाकीचं उलगडत नाही.

घरामागं हजार लिटरचा सिमेंटचा हौद आहे असं धरा. त्यात १० ग्रॅम मिथिलीन ब्लू टाकून ढवळलं, तर लिटरमागं १० मिग्रॅ सापडेल. १० ग्रॅम भागिले १० मिग्रॅ म्हणजे हजार लिटर. हौदाचं माप बरोबर आलं. आता त्याच हौदाच्या तळाशी आपल्याकडची काळी चिकणमाती आहे असं धरा. ही माती मिथिलीन ब्लू धरून ठेवते, मातीच्या चाचणीत हाच गुण वापरतात. ९ ग्रॅम मातीनं ओढून घेतलं, पाण्यात १ ग्रॅम उरलं. नमुना पाण्याचाच काढणार, त्यात लिटरमागं १ मिग्रॅ. भागाकार केला की उत्तर १०,००० लिटर. हौद वाढलेला नाही. रंग जिथं आहे तिथला नमुना आपण घेतलेला नाही, एवढंच.

शरीरात पाणी म्हणजे प्लाझ्मा आणि माती म्हणजे ऊती. म्हणून व्हीडी ही जागा नाही, तो नुसता गुणोत्तराचा आकडा आहे. शरीरात एकूण किती औषध आहे आणि प्लाझ्मात लिटरमागं किती आहे, यांचा भागाकार. ७० किलोच्या माणसात प्लाझ्मा सुमारे ३ लिटर, पेशींबाहेरचं सगळं पाणी १४, एकूण पाणी ४२. हेपॅरिन रक्तवाहिन्यांतच राहतं, म्हणून त्याचा व्हीडी किलोमागं ०.०६ लिटर. जेंटामायसिन पेशींबाहेरच्या पाण्यात पसरतं, ०.२५. इथपर्यंत आकडा खऱ्या जागेशी जुळतो. डिगॉक्सिनचा किलोमागं ७ लिटर, म्हणजे ७० किलोला जवळजवळ ५०० लिटर. क्लोरोक्वीनचा किलोमागं शेकडो लिटर. तिथं जागा शोधायची नाही, माती किती ओढते ते वाचायचं.

आता तुमची रेघ. वाक आहे याचा अर्थ दोन क्रिया एकाच वेळी चालू आहेत. पहिले काही तास औषध रक्तातून ऊतींकडे सरकतंय आणि थोडं शरीराबाहेरही जातंय. वाटणीचा समतोल झाल्यावर जी रेघ उरते तीच मागं नेता येते. २ तासांचा बिंदू अजून वाकातच आहे. त्यातले सुमारे ०.१५ मिग्रॅ पहिल्या क्रियेचे आहेत, म्हणजे १.७८ मधले ८ टक्के. ते धरल्यामुळं तुमची रेघ जास्त खडी झाली. अर्धायुष्य ६.९ तासांऐवजी ६.४ तास आलं आणि शून्यावरचा आकडा २.० ऐवजी २.२ झाला. मैत्रिणीनं ४ तासांपासून पुढचे बिंदू घेतले असणार, म्हणून ५०.

फेदरिंग, म्हणजे दोन क्रियांच्या रेघा वेगळ्या काढणं, असं करा. ४, ८, १२ या बिंदूंवरून रेघ ओढा. उतार म्हणजे १.३४ भागिले ०.६०, त्याचा नॅचरल लॉग, भागिले ८ तास. ०.१ प्रति तास येतो. हा बीटा. रेघ शून्याला २.० वर टेकते, हा बी. आता हीच रेघ सुरुवातीच्या वेळांना किती दाखवते ते वाचा: १५ मिनिटांना १.९५, ३० मिनिटांना १.९०, १ तासाला १.८१, २ तासांना १.६४. मोजलेल्या आकड्यांतून हे वजा करा. उरतात ४.८५, २.९५, १.०८, ०.१४. हे उरलेले बिंदू त्याच सेमीलॉग कागदावर सरळ रेघेत बसतात, उतार २.० प्रति तास आणि शून्याला ८.०. हा अल्फा आणि हा ए. अल्फाचं अर्धायुष्य २१ मिनिटं आलं. वजाबाकी दोन दशांशांपर्यंत नीट करा. शेवटचा ०.१४ हा १.७८ आणि १.६४ या दोन जवळच्या आकड्यांचा फरक आहे, जरा गोलाई केली की तो बिंदू भलतीकडे जातो. म्हणून उतारासाठी पहिल्या तीन फरकांवर भर द्या.

पुढचं सोपं आहे. ए अधिक बी म्हणजे १०, ही औषध दिल्या क्षणाची पातळी. १०० भागिले १० म्हणजे व्हीसी १० लिटर. एयूसी (पातळीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ) म्हणजे ८ भागिले २ अधिक २ भागिले ०.१, एकूण २४. क्लिअरन्स (तासाला किती प्लाझ्मा औषधापासून साफ होतो) १०० भागिले २४, म्हणजे तासाला ४.१७ लिटर. त्याला बीटानं भागलं की व्हीबीटा ४१.७ लिटर. एयूएमसी (वेळेनं गुणलेल्या पातळीच्या वक्राखालचं क्षेत्रफळ) म्हणजे ८ भागिले ४ अधिक २ भागिले ०.०१, एकूण २०२. २०२ भागिले २४ म्हणजे ८.४ तास, ही एमआरटी, औषध शरीरात राहण्याचा सरासरी वेळ. क्लिअरन्सनं गुणलं की व्हीएसएस ३५ लिटर. नुसती रेघ मागं नेऊन काढलेला आकडा ५०.

म्हणजे १०, ३५, ४२ आणि ५० हे चारही आकडे याच रुग्णाचे आहेत, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. व्हीसी सांगतो की दिल्या क्षणी पातळी किती चढेल. व्हीएसएस सांगतो की ऊती आणि रक्त यांच्यात निव्वळ देवाणघेवाण थांबली असताना किती औषध शरीरात आहे. व्हीबीटा सांगतो की शेवटच्या उतारावर असताना किती आहे. तो व्हीएसएसपेक्षा मोठाच येतो, कारण त्या वेळी रक्त पुढं रिकामं होत असतं आणि ऊती मागं राहिलेल्या असतात. ५० हा सगळ्यांत फुगलेला, कारण वाटणी चालू असताना जे औषध बाहेर गेलं ते तो मोजतच नाही. तुमचे ४५ मात्र कशाचंच उत्तर नाही, ते रेघेच्या चुकीतून आलेत.

आणि पहिला नमुना १ तासानं घेतला असता तर? अल्फाचा भाग पुरता दिसलाच नसता. कमी नमुन्यांच्या अभ्यासात औषध एका कप्प्याचं (रक्त आणि ऊती मिळून एकच हौद) वाटतं त्याचं कारण बहुधा हेच असतं.

बालाघाट, बीड

फार छान. थोडक्यात लक्षात ठेवायचं तर व्हीडी मोठा म्हणजे औषध चरबीत गेलं, व्हीडी छोटा म्हणजे रक्तात राहिलं. परीक्षेला एवढं पुरतं.

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट, हे वाक्य परीक्षेतही अडकवतं आणि वॉर्डात तर जास्तच. डिगॉक्सिनचा व्हीडी एवढा मोठा असून ते चरबीत जवळपास जात नाही. ते स्नायूंतल्या सोडियम-पोटॅशियम एटीपेजला चिकटतं, हृदयाच्या आणि हातापायांच्याही. म्हणून स्थूल रुग्णात त्याचा लोडिंग डोस खऱ्या वजनावर काढला तर जास्त जातो, आदर्श वजन धरावं लागतं. याउलट जेंटामायसिन चरबीत कमी जातं पण अजिबात जात नाही असं नाही. तिथं आदर्श वजनात जादा वजनाचे ४० टक्के मिळवतात. ९० किलोच्या माणसाचं आदर्श वजन ६० असेल तर ७२ किलो धरायचे.

क्लोरोक्वीनची गोष्ट तिसरीच. ते अल्कधर्मी आहे. पेशीतल्या लायसोसोमच्या आम्लात गेलं की त्याला विद्युतभार मिळतो आणि मग पडद्यातून परत येता येत नाही. पिंजऱ्यात शिरलेला उंदीर जसा. यकृत, फुप्फुस, प्लीहा, डोळ्यातली मेलॅनिन असलेली ऊती, सगळीकडे साठतं. शिवाय रक्तपेशींतही पुष्कळ जातं, त्यामुळं प्लाझ्मावरून काढलेला व्हीडी आणि पूर्ण रक्तावरून काढलेला व्हीडी वेगळे येतात. टॅक्रोलिमसचंही तसंच, म्हणून त्याची पातळी पूर्ण रक्तात मोजतात. दोन पुस्तकांत एकाच औषधाचे वेगळे आकडे दिसले तर आधी नमुना कशाचा होता ते पाहा.

खरोखर चरबीचं उदाहरण हवं असेल तर थायोपेंटाल, पण तिथंही घाईनं उत्तर देऊ नका. शिरेतून दिल्यावर अर्ध्या मिनिटात झोप लागते, कारण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे १४ टक्के भाग एकट्या मेंदूला मिळतो. एका डोसनंतर ५ ते १० मिनिटांत माणूस जागा होतो. तेवढ्या वेळात औषध शरीराबाहेर गेलेलं नसतं, त्याचं अर्धायुष्य कित्येक तासांचं आहे. ते मेंदूतून निघून मुख्यतः स्नायूंत गेलेलं असतं. चरबीला रक्त कमी मिळतं, म्हणून ती उशिरा भरते. वारंवार डोस दिले की स्नायू भरत येतात, औषधाला पळायला जागा उरत नाही, आणि मग जाग यायला तास लागतात. पहिल्या डोसवरून चौथ्या डोसचा अंदाज बांधला की भूल लांबते ती यामुळं.

प्रथिनांबद्दल एक जुनी समजूत अजून शिकवली जाते, ती इथंच दुरुस्त करतो. आम्लधर्मी औषधं बहुतेक अल्ब्युमिनला चिकटतात, अल्कधर्मी औषधं अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीनला. एका औषधानं दुसऱ्याला अल्ब्युमिनवरून ढकललं की मोकळं औषध वाढून विषबाधा होते, असं सांगतात. वॉरफॅरिनसारख्या औषधात मोकळा भाग वाढतो तो थोड्या वेळापुरता. यकृत मोकळंच औषध उचलतं, ते जास्त उचलतं, आणि मोकळी पातळी परत जागेवर येते. एकूण पातळी मात्र खाली राहते. वॉरफॅरिनच्या ज्या आंतरक्रिया रक्तस्राव घडवतात त्यांत मुख्य वाटा यकृतातल्या विघटनाच्या अडथळ्याचा असतो. नवजात लेकरात सल्फा औषधांनी बिलिरुबिन ढकललं जाणं हा खरा धोका आहे. तिथं यकृत बिलिरुबिन लगेच उचलू शकत नाही आणि ते मेंदूत शिरतं.

मांजराकाठ, लातूर

हौदाचं उदाहरण डोक्यात बसलं. ४ तासांपासून परत रेघ ओढली, चारही आकडे जुळले.

लोडिंग डोसचं अजून अडतंय. पातळी २ मिग्रॅ प्रति लिटर ठेवायची आहे. व्हीसीनं काढलं तर २० मिग्रॅ, व्हीएसएसनं ७०, व्हीबीटानं ८३. एकाच औषधाच्या डोसमध्ये चारपट फरक. वर्गात "व्हीडी गुणिले पातळी" एवढंच सांगितलं आहे.

गोदातीर, नांदेड

तिन्ही डोस देऊन पाहा, म्हणजे कागदावर. सोबत पातळी टिकवणारं ठिबक सुरू केलं असं धरू. त्याचा वेग क्लिअरन्स गुणिले पातळी, ४.१७ गुणिले २, म्हणजे तासाला ८.३ मिग्रॅ.

२० मिग्रॅ दिले तर त्या क्षणी पातळी बरोबर २ येते. पण ऊती ओढायला लागतात आणि २ तासांत ती १.० वर येते, निम्मी. ठिबक चालू असूनही ती वर यायला बीटाच्या अर्धायुष्यानं चालते, पुरती भरायला दीड दिवस जातो.

७० मिग्रॅ दिले तर सुरुवातीला ७.० वर उडी, मग उतार. ३ तासांच्या आसपास १.८ पर्यंत जाते आणि हळूहळू २ वर स्थिरावते. ८३ मिग्रॅ दिले तर पातळी २ च्या खाली कधीच जात नाही, पण सुरुवातीची उडी ८.३ ची.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: या औषधाचा परिणाम आणि विषबाधा कोणत्या कप्प्यात होते? लिडोकेनमध्ये मेंदू आणि हृदय हे रक्ताबरोबरच भरतात, म्हणजे ती सुरुवातीची उडीच झटके आणते. तिथं मोठा डोस एकदम देत नाहीत. किलोमागं १ ते १.५ मिग्रॅ देऊन ५ ते १० मिनिटांनी त्याच्या निम्मा परत देतात. डिगॉक्सिनमध्ये हृदय हे ऊतींच्या कप्प्यासारखं वागतं, उशिरा भरतं. पूर्ण डोस आधी निम्मा, मग ६ ते ८ तासांच्या अंतरानं पाव आणि पाव असा देतात, म्हणजे प्रत्येक वेळी वाटणी पुरी झाल्यावर रुग्णाची नाडी पाहून पुढचा द्यायचा की नाही ते ठरवता येतं.

उडी टाळून पूर्ण डोस द्यायचा तर वेळ वाढवा. तुमच्याच आकड्यांत ७० मिग्रॅ एकदम दिले तर ७.०, अर्ध्या तासात दिले तर शेवटी ४.९, एका तासात दिले तर ३.७५. हा हिशोब फक्त लोडिंगचा आहे, ठिबकाचे वेगळे. अल्फाचं अर्धायुष्य २१ मिनिटं असल्यामुळं तासाभरात बरीच वाटणी सोबतच होऊन जाते. ज्या औषधाचं अल्फा अर्धायुष्य २ तास आहे त्याला अर्ध्या तासाचं ठिबक जवळपास एकदम दिल्यासारखंच.

एक लक्षात घ्या, क्लिअरन्स लोडिंगच्या सूत्रात कुठंच नाही. मूत्रपिंड बिघडलं म्हणून प्रतिजैविकाचा पहिलाच डोस निम्मा करतात, हे चुकीचं आहे. हौद तेवढाच आहे, फक्त तोटी बारीक झाली आहे. पहिला डोस पूर्ण, पुढचे डोस कमी किंवा लांब अंतरानं. डिगॉक्सिन याला अपवाद. मूत्रपिंड निकामी असताना ऊतींत ते कमी चिकटतं, व्हीडीच घटतो, म्हणून तिथं लोडिंगही कमी करतात.

औंढा, हिंगोली

क्लिनिकल फार्मसीच्या बाजूनं थोडी भर घालतो, कारण गणित बरोबर असून नमुना चुकला तर काहीच उपयोग नाही.

डिगॉक्सिनची पातळी डोसनंतर किमान ६ तासांनी घ्या. डोस सकाळी ९ ला आणि नमुना १० ला, असा रिपोर्ट आला की तो वाटणीच्या वाकातला आहे. आकडा भयानक दिसेल, विषबाधा नसेल. कागदावर डोसची वेळ आणि नमुन्याची वेळ, दोन्ही लिहिलेल्या नसतील तर रिपोर्टचा अर्थ लावू नका. ज्या हातातून ठिबक चालू आहे त्या हातातून, त्याच सुईतून नमुना घेऊ नये. जेलवाल्या नळीत काही औषधं जेलमध्ये शोषली जातात, झटक्यांवरचं फेनिटॉइन त्यातलंच, म्हणून साधी नळी बरी.

फेनिटॉइनचा अल्ब्युमिनशी संबंध इथं सगळ्यांना उपयोगी पडेल. ते ९० टक्के चिकटलेलं असतं, प्रयोगशाळा एकूण आकडा देते, काम मात्र मोकळे १० टक्के करतात. यकृताचा आजार, नेफ्रोटिक सिंड्रोम, कुपोषण, या रुग्णांत अल्ब्युमिन डेसिलिटरमागं २ ग्रॅमवर असतं. अशा रुग्णाचा रिपोर्ट ८ आला आणि हवी ती पातळी १० ते २०, की डोस वाढवण्याचा मोह होतो. आधी दुरुस्ती करा: अल्ब्युमिन गुणिले ०.२ अधिक ०.१, म्हणजे ०.५. ८ भागिले ०.५ बरोबर १६. रुग्ण ठीक आहे. इथं डोस वाढवला तर डोळ्यांची बुबुळं फडफडू लागतात, तोल जातो, आणि फेनिटॉइनचं विघटन लवकर कमाल गाठत असल्यामुळं ५० मिग्रॅच्या वाढीनंही पातळी दुप्पट होऊ शकते. मूत्रपिंड पूर्ण निकामी असेल तर ०.२ ऐवजी ०.१ धरतात. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हे सूत्र विसरा, मोकळी पातळीच मागवावी लागते.

फेनिटॉइनचा अर्धवट लोडिंग डोस असा: व्हीडी किलोमागं ०.७ लिटर. ५० किलोचा माणूस, पातळी ५, हवी १५. ०.७ गुणिले ५० गुणिले १०, म्हणजे ३५० मिग्रॅ. पण इंजेक्शन सोडियम क्षाराचं असतं, त्यात फेनिटॉइन ९२ टक्के, म्हणून ३८० मिग्रॅ. नॉर्मल सलाईनमध्येच द्या, डेक्स्ट्रोजमध्ये साका बसतो. मिनिटाला ५० मिग्रॅपेक्षा वेगात नको, म्हाताऱ्या माणसात त्याहून सावकाश. रक्तदाब पडतो, त्यात औषधाबरोबर असलेल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचाही हात असतो.

पाणी साठलेल्या रुग्णांत जेंटामायसिनसारख्या औषधांचा हौदच मोठा होतो. जलोदर, मोठी भाजणूक, सेप्सिसमध्ये लिटरनं दिलेलं सलाईन. किलोमागं ०.२५ चा व्हीडी ०.३५ किंवा ०.४ होतो. ०.२५ धरून काढलेला डोस दिला तर उंच पातळी येतच नाही, आणि या प्रतिजैविकाचं काम उंच पातळीवरच अवलंबून आहे. नवजात बाळाच्या शरीरात पाण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या पुढं असतं, तिथं व्हीडी ०.४५ ते ०.५. म्हणून बाळाला किलोमागं डोस कमी करायचा नसतो, दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं असतं, कारण मूत्रपिंड अजून कच्चं असतं.

पैनगंगा, किनवट

ग्रामीण रुग्णालयातला प्रश्न याच धाग्यात विचारते. कीटकनाशक पिऊन आलेल्या रुग्णाचे नातेवाईक "डायलिसिसला हलवा" म्हणून मागं लागतात. कुठल्या विषाला उपयोग होतो आणि कुठल्याला नाही, हे व्हीडीवरून त्यांना समजावता येईल का?

देवगिरी, छत्रपती संभाजीनगर

ताई, येतं. डायलिसिसचं यंत्र रक्त धुतं, ऊती धुत नाही. हौदातलं पाणी गाळून घेतलं तरी मातीतला रंग मातीतच राहतो. म्हणून व्हीडी किलोमागं १ लिटरच्या आत, प्रथिनांना कमी चिकटणारं आणि छोट्या रेणूचं विष असेल तरच मोठा फायदा. मिथेनॉल ०.६ ते ०.७, लिथियम ०.७ ते ०.९, ॲस्पिरिन ०.१५ ते ०.२. ॲस्पिरिन प्रथिनांना चिकटतं खरं, पण जास्त मात्रेत प्रथिनांच्या जागा भरून जातात आणि मोकळा भाग वाढतो, त्यामुळं तेही धुतलं जातं. डिगॉक्सिन, ॲमिट्रिप्टिलिन, क्लोरोक्वीन यांना डायलिसिस करून हाती फारसं लागत नाही.

लिथियममध्ये डायलिसिस संपल्यावर लगेच पातळी घेऊन समाधान मानू नका. पेशींतलं लिथियम सावकाश रक्तात परत येतं. ६ तासांनी पुन्हा मोजा, चढलेलं दिसेल.

ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकांत मुख्य उपचार ॲट्रोपीन, श्वासाला आधार आणि प्रॅलिडॉक्सिम हाच. त्यातली फेन्थिऑनसारखी फार चरबीप्रिय असतात. ती चरबीत शिरतात आणि दिवसेंदिवस परत झिरपतात. रुग्ण दुसऱ्या दिवशी बरा दिसतो, ॲट्रोपीन उतरवलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी लाळ, घाम, छातीत खरखर परत सुरू होते. त्यामुळं डबा कोणता होता ते नातेवाइकांना विचारा, शक्य तर डबाच आणायला सांगा, आणि चरबीप्रिय औषध असेल तर लवकर घरी सोडू नका. मानेचे स्नायू रोज तपासा. मान उचलता येत नसेल तर श्वास थांबण्याची ती आगाऊ खूण आहे. प्रॅलिडॉक्सिमवर कायमचा विद्युतभार असतो, मेंदूत ते फारसं शिरत नाही. ॲट्रोपीन शिरतं, ग्लायकोपायरोलेट शिरत नाही. झोप किंवा झटके असलेल्या रुग्णात नुसत्या ग्लायकोपायरोलेटवर विसंबून चालत नाही.

पॅराक्वाट मात्र वेगळं. तणनाशक म्हणून कापसात, सोयाबीनमध्ये वापरतात. रक्तातली पातळी उतरत असताना फुप्फुसाच्या पेशी ते आपणहून आत खेचतात, पॉलिअमाइनसाठी असलेल्या वाटेनं. रक्त स्वच्छ होतं आणि फुप्फुस भरत जातं. डायलिसिस केलंच तर पहिल्या काही तासांत, नंतर फार उशीर झालेला असतो. आणि गरज नसताना ऑक्सिजन लावू नका, त्यानं फुप्फुसाची हानी वाढते.

औंढा, हिंगोली

सर्पदंशाबद्दल एक जोडतो, कारण वजनाचा हिशोब तिथं हमखास चुकतो. आपल्याकडचं प्रतिविष घोड्याच्या प्रतिपिंडांचे तुकडे असतात. मोठा रेणू, बहुतेक रक्त आणि पेशींबाहेरच्या पाण्यापुरताच. पण त्याचा डोस व्हीडीवरून काढायचा नसतो. सापानं टोचलेलं विष लेकराला आणि बापाला सारखंच असतं, आणि प्रतिविष विषाशी जुळतं, शरीराच्या वजनाशी नाही. म्हणून ५ वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या. फक्त त्या ज्या सलाईनमध्ये मिसळतो ते सलाईन वजनाप्रमाणं कमी करायचं, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं. घोणस चावल्यावर जखमेत विषाचा साठा राहतो आणि रक्तात उशिरा उतरत राहतो, म्हणून २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी एकदा ठीक आली तरी दर ६ तासांनी परत करतात.

मांजराकाठ, लातूर

पैनगंगा ताईंच्या प्रश्नामुळं एक गोष्ट उलगडली, ती तपासून सांगा. माझ्या गणितातला माणूस डायलिसिसवर ४ तास टाकला असता तर? व्हीएसएस ३५ भागिले ६० किलो म्हणजे किलोमागं ०.५८ लिटर, एक लिटरच्या आत. म्हणजे उपयोग होईल. पण दिल्यावर २ तासांच्या आत यंत्र लावलं तर ऊतींत जायचं औषध वाटेतच धुतलं जाईल, आणि ८ तासांनी लावलं तर रक्त आधी स्वच्छ होऊन नंतर ऊतींतून परत भरेल.

गोदातीर, नांदेड

बरोबर. आणि ते परत भरणं किती वेळात होईल याचा अंदाजही याच आकड्यांतून निघतो. ऊतींतून रक्तात येण्याचा वेग अल्फा, बीटा, ए आणि बी वरून काढतात: ए गुणिले बीटा अधिक बी गुणिले अल्फा, भागिले ए अधिक बी. ०.८ अधिक ४, भागिले १०, म्हणजे तासाला ०.४८. त्याचं अर्धायुष्य सुमारे दीड तास. यंत्र काढल्यावर लगेच घेतलेला नमुना फसवा, चार-पाच तासांनंतरचा विश्वासाचा. उरलेले दोन दर स्वतः काढून इथं टाका. केंद्रातून (रक्ताच्या कप्प्यातून) शरीराबाहेर जाण्याचा दर क्लिअरन्स भागिले व्हीसी आला पाहिजे, म्हणजे ०.४१७.

मांजराकाठ, लातूर

अल्फा गुणिले बीटा भागिले ०.४८ केलं, ०.४१७ आलं. केंद्रातून ऊतींकडे जाण्याचा दर अल्फा अधिक बीटामधून ते दोन्ही वजा करून १.२०. पडताळा घेतला: १.२० भागिले ०.४८ म्हणजे २.५, अधिक १ म्हणजे ३.५, गुणिले व्हीसी १०. व्हीएसएस ३५ लिटर.